गोमंतकीय ख्रिस्ती स्त्रीचा वेष : धर्माज्ञा आणि विवेक

रविवारी सकाळी साष्टीतील एखाद्या गावातून जाणाऱ्यास एक दृश्य हमखास दिसते. इगर्जीची घंटा झालेली असते आणि रस्त्याच्या कडेने स्त्रिया मिसेला निघालेल्या असतात. आजी गुडघ्यांखाली उतरणाऱ्या फुलाफुलांच्या झग्यात असते, सून इस्त्री केलेल्या एकरंगी पोशाखात असते, नात नव्या वळणाच्या कपड्यांत असते. त्याच वेळी आपल्यापैकी एखादी सुवासिनी हातात फुलांची परडी घेऊन देवळाची वाट धरते. दोघी शेजारणी वाटेत भेटतात, लेकराबाळांची विचारपूस करतात आणि परस्परांच्या वेषाविषयीचा अभिप्राय मनातल्या मनात ठेवून आपापल्या देवाकडे जातात.

आमच्या बाजूचा अभिप्राय आम्हांस चांगला ठाऊक आहे. हा वेष फिरंग्यांचे अनुकरण आहे, त्यात धर्माचा काही संबंध नाही, आणि असलाच तर तो आपला मूळ धर्म टाकल्याची खूण म्हणून आहे, असे आमच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले आहे. या अभिप्रायाची एकदा नीट परीक्षा व्हावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. काव्याचे किंवा शिल्पाचे परीक्षण होते, तसे वेषाचेही होऊ शकते. वेषालाही कर्ता असतो, परंपरा असते, आणि त्याच्या घडीघडीतून एखाद्या समाजाची श्रद्धा व तिची दुर्बलता वाचता येते.

आरंभ अप्रिय गोष्टीपासून करणे भाग आहे. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि मधला अल्प खंड सोडल्यास ती १८१२ पर्यंत चालली. तिने १७३६ साली जो जाहीरनामा काढला, त्यात नवख्रिस्त्यांच्या विवाहविधींपासून अंगणातील तुळशीपर्यंत अनेक गोष्टींवर बंदी होती. पुरुषांनी पुडवे नेसू नये आणि स्त्रियांनी हिंदू पद्धतीची चोळी घालू नये, असेही त्यात बजावले होते. प्रियोळचे सुपुत्र प्रा. अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथातून हा सारा इतिहास जगापुढे मांडला. राजसत्तेने मुलूख जिंकावा, कर घ्यावा, हे इतिहासात नित्य घडते. परंतु धर्मपीठाने स्त्रीच्या चोळीची गाठ तपासावी, ही गोष्ट निराळ्या जातीची आहे. देव अंतःकरण पाहतो असे सांगणाऱ्या धर्माच्या अधिकाऱ्यांनी कापड पाहावे, यात त्या धर्माचाच पराभव होता.

पण आमच्या स्मरणात हा जाहीरनामा आहे, त्याचे पुढे काय झाले हे मात्र नाही. वस्तुतः ही आज्ञा पूर्णांशाने कधीच यशस्वी झाली नाही. डोंगरकडेच्या आणि शेतावरच्या ख्रिस्ती गावडा व कुणबी स्त्रियांनी चौकड्यांचे कापड नेसणे सोडले नाही. खांद्यावर गाठ मारून, गुडघ्यापर्यंत आखूड नेसलेले हे कापड चिखलात उतरून भात लावणाऱ्या बाईला सोयीचे होते. हिंदू कुणबीण आणि ख्रिस्ती कुणबीण बांधावर उभ्या राहिल्या, तर परक्याला वेषावरून त्यांतला भेद सांगणे कठीण होते. उत्तरेस वसईत पाहावे. तो प्रांतही पोर्तुगीजांकडे होता आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी तो जिंकून घेतला. तेथील व मुंबई परिसरातील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांमध्ये लुगडे पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. वसईच्या इगर्जीत लुगडे चालते आणि मडगावच्या इगर्जीत झगा शोभतो, यावरून एवढे तरी सिद्ध होते की कॅथलिक श्रद्धेचा असा एकच ठराविक वेष नाही. वेष ठरविला तो जमिनीने, जातीने, व्यवसायाने आणि त्या त्या राज्यकर्त्याने.

मग श्रद्धेचा वाटा कोणता? तो पाहण्यासाठी जुन्या गोमंतकीय ख्रिस्ती स्त्रीच्या दोन वस्त्रांकडे वळावे लागेल. पहिले वस्त्र म्हणजे ओल. ही पांढरी चादर आता प्रचारातून गेली आहे. पूर्वी इगर्जीत जाताना स्त्रिया ती डोक्यावरून अंगभर पांघरीत. आत कोणते वस्त्र आहे, दागिने किती आहेत, हे त्या शुभ्र आवरणाखाली झाकून जाई. देवासमोर जाताना आपली संपत्ती बाहेर ठेवून जावे, ही कल्पना आम्हांस परकी नाही. सोवळे नेसून गाभाऱ्याकडे जाणाऱ्याच्या मनातही हीच भावना असावी अशी अपेक्षा असते. आमच्या मते गोव्यातील ख्रिस्ती स्त्रीच्या वेषात श्रद्धेचा सर्वांत स्वच्छ उच्चार कोठे झाला असेल, तर तो या बिनकाठाच्या पांढऱ्या चादरीत.

दुसरे वस्त्र पानोभाजू. मांडो नाचणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर तो आज रंगमंचावर दिसतो. कमरेभोवती गुंडाळलेला पानो, वर जरीकाम केलेला सैल भाजू, खांद्यावर तुवालो आणि पायांत चिनेलां असा तो थाट. यातील 'पानो' हा शब्द पोर्तुगीज असून त्याचा अर्थ केवळ कापड असा आहे, आणि 'भाजू' हा मलाय भाषेतील 'बाजू'. म्हणजे आम्ही ज्यास फिरंगी म्हणून नाक मुरडतो, त्या वेषाचे माहेर लिस्बन नसून पूर्वेकडील मलाय द्वीपसमूह आहे! आपल्या बंदरांतून मसाल्याबरोबर आणि रेशमाबरोबर वस्त्रांच्या तऱ्हाही आल्या आणि सधन ख्रिस्ती घराण्यांनी त्या उचलल्या. यात अनुकरण आहे हे खरे, पण ते मालकाचे अनुकरण नव्हे. आणि यात दोषही आहे. भरजरी पानोभाजू ही भाटकारांच्या वाड्यांतील मिरासदारी होती, कुणबिणीच्या वाट्याला ती आली नाही. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्या दोन स्त्रियांची जात त्यांच्या वस्त्रावरून ओळखता यावी, हे ख्रिस्ती बंधुभावाला लाजविणारे होते. ओलीने जी विषमता झाकली, ती पानोभाजूने मिरविली. आमच्या देवळांच्या सभामंडपांत कोणी कोठवर यावे याचे जे नियम होते ते आठवले, म्हणजे या दोषावर बोट ठेवताना आमचा आवाज आपोआप खाली येतो.

इन्क्विझिशनला जे पुसता आले नाही, त्याचा सर्वांत बोलका पुरावा लग्नघरात सापडतो. पाश्चात्त्य रीतीप्रमाणे नववधू इगर्जीत पांढरा झगा घालून जाते, हे सर्वांस माहीत आहे. परंतु त्या पांढऱ्याच्या जोडीला एक लाल वस्त्रही असते. त्याला 'साडो' म्हणतात. लग्नाआधी शिंप्याला घरी बोलावून तो बेतण्याचा सोहळा होई, फटाके उडत, आप्तेष्ट जमत. वधूला मामाच्या घरी काचेच्या बांगड्यांचा 'चुडो' भरला जाई. पांढरा रंग विधीचा आणि लाल रंग सौभाग्याचा, अशी ही वाटणी आहे. जाहीरनाम्याने चोळी उतरविली, पण लाल रंगाची ओढ आणि हिरव्या काकणांचा किणकिणाट त्याच्या हाती लागला नाही. स्त्रियांनी तो आईकडून मुलीकडे गुपचूप पोचविला. नवा देव स्वीकारला तरी मंगलाची आपली व्याख्या त्यांनी सोडली नाही. हे वाचून आमच्या वाचकांस बरे वाटेल. तथापि तेवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कारण पती निवर्तल्यास हाच चुडा त्याच्या शवपेटीवर फोडण्याची चाल होती आणि पुढे विधवेने दीर्घकाळ, पुष्कळदा जन्मभर, काळा पोशाख करावा असा रिवाज होता. आमच्याकडे आलवण होते, त्यांच्याकडे काळा झगा. रंग बदलला, दुःख अंगावर वागविण्याची सक्ती मात्र दोन्ही उंबरठ्यांवर स्त्रीलाच झाली. ही सक्ती तिला कोणत्या धर्माने केली असे विचारण्यापेक्षा, तिला धर्माचे नाव कोणी दिले असे विचारावे हे बरे.

येथवर आपण गोव्यातील रूढी पाहिली. आता खुद्द कॅथलिक धर्मसंस्थेने स्त्रीच्या वस्त्राविषयी काय सांगितले, हे पाहिले पाहिजे. प्रार्थनेच्या वेळी स्त्रीने मस्तक आच्छादावे, हा उपदेश संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. १९१७ च्या धर्मसंहितेने त्यास नियमाचे रूप दिले. इगर्जीत, विशेषतः ख्रिस्तप्रसाद घेताना, स्त्रियांचे डोके झाकलेले आणि पोशाख मर्यादशील असावा असे तिने सांगितले. १९८३ च्या नव्या संहितेत हे कलम राहिले नाही. त्यानंतर बहुतेक ठिकाणी ओढण्या व जाळीदार रुमाल कपाटांत गेले. गंमत अशी की अलीकडे पाश्चात्त्य देशांत काही तरुण कॅथलिक स्त्रिया तीच ओढणी आपण होऊन पुन्हा घेऊ लागल्या आहेत. कापड तेच, डोके झाकण्याची रीत तीच. पण काल ती आज्ञा होती आणि आज ती निवड आहे. टीकाकाराने कापडाला नावे ठेवू नयेत, ते कोणाच्या इच्छेने अंगावर आले ते पाहावे, हा धडा या ओढणीत आहे.

बाराव्या पायस पोपनी १९५७ च्या नोव्हेंबरात वस्त्रभूषेच्या व्यावसायिकांपुढे एक भाषण केले होते. वस्त्राची आरोग्य, लज्जारक्षण आणि शोभा अशी तीन प्रयोजने त्यांनी सांगितली. शोभेला त्यांनी पाप म्हटले नाही, तिला योग्य स्थान दिले, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. कॅथलिक स्त्रीच्या राहणीत जो एक टापटिपीचा गुण सहज आढळतो, त्याला अशा विचारांचे पाठबळ आहे. फेस्ताच्या दिवशी गरिबातील गरीब बाईही मोजून-मापून शिवलेला, स्वच्छ, अंगाबरोबर बसणारा पोशाख करते. देवाच्या दारी आपण आपले सर्वोत्तम रूप घेऊन जावे, ही तिची समजूत आहे. आम्ही देवीला नवे लुगडे नेसवितो आणि स्वतः सणाला ठेवणीतली साडी काढतो, त्यामागे तरी दुसरे काय आहे?

परंतु या तीन प्रयोजनांत एक उणीव राहते आणि आमचा मुख्य आक्षेप तेथे आहे. शतकानुशतके धर्मोपदेशकांनी, त्यांच्यातील आणि आमच्यातीलही, स्त्रीच्या वस्त्राची लांबी मोजली. बाही कोठवर आली, पदर कोठून सरकला, यावर प्रवचने झाली. ते वस्त्र विणणाऱ्याच्या घरी चूल पेटली की नाही, हे मात्र कोणी फारसे विचारले नाही. मर्यादेचा सारा भार नेसणाऱ्या स्त्रीच्या अंगावर टाकण्यात आला. विकणारा, विकत घेणारा आणि पाहणारा हे तिघेही त्यातून मोकळे सुटले. नीतीचा प्रश्न अंगाच्या पृष्ठभागावरच अडकून पडला.

हा प्रश्न तेथून सोडविण्याचे श्रेय आमच्या मते एका साध्या साडीला आहे. १७ ऑगस्ट १९४८ रोजी मदर तेरेसा कलकत्त्यातील लोरेटो मठाचा आपला जुना वेष उतरवून, निळ्या काठांची स्वस्त पांढरी साडी नेसून बाहेर पडल्या. युरोपात जन्मलेल्या जोगिणीने भारतातील गरीब बाईचे वस्त्र स्वीकारले, हे त्या साडीचे पहिले महत्त्व. १७३६ च्या जाहीरनाम्याने ज्या देशी वस्त्राला धर्मबाह्य ठरविले होते, तेच आता धर्मव्रताचे चिन्ह झाले. दुसरे महत्त्व त्याहून मोठे आहे. पुढे या संघातील भगिनींच्या साड्या टिटागढ येथील त्यांच्या वसाहतीत कुष्ठरोगातून उठलेले लोक हातमागावर विणू लागले. समाजाने ज्यांच्या हातचे पाणी नाकारले, त्यांच्या हातचे सूत अंगावर वागवायचे आणि ते नेसून प्रार्थनेला उभे राहायचे! शुचितेची याहून धीट व्याख्या आमच्या पाहण्यात नाही. आमच्या सोवळ्याच्या कल्पनेला हा प्रश्न आहे आणि तो टाळता येण्यासारखा नाही.

१९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने व्रतस्थांच्या जीवनाविषयी जो ठराव संमत केला, त्यात व्रतवेष साधा, गरिबीला शोभणारा, आरोग्यास हितकर आणि देशकालास अनुरूप असावा असे ठरले. यातील 'देशकालास अनुरूप' हा विचार गोव्याच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. दोन शतकांपूर्वीच्या धर्माधिकाऱ्यांना तो सुचला असता, तर किती घरांतील अश्रू वाचले असते!

पुढे हाच विचार बाजारापर्यंत गेला. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही तयार कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली आणि अकराशेंहून अधिक माणसे मेली. त्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या. नंतर अवघ्या एका आठवड्याने, १ मे रोजी, पोप फ्रान्सिस यांनी तेथील कामगारांच्या अत्यल्प वेतनाचा उल्लेख करून त्या मजुरीला गुलामगिरी ठरविले. २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात त्यांनी, दुकानात पैसे मोजणाऱ्या हातालाही पापपुण्य लागते, या आशयाचा विचार आपल्या पूर्वसूरींच्या आधारे पुन्हा मांडला. म्हणजे लज्जारक्षणाचा अर्थ आता विस्तारला. आपले अंग झाकताना दुसऱ्याचे अंग उघडे पडत असेल, तर ते वस्त्र मर्यादशील कसे म्हणावे? कॅथलिक स्त्रीपुढे तिच्या श्रद्धेने आज ठेवलेला हा प्रश्न आहे. तिला तो पेलतो असा आमचा दावा नाही. मिसेला जाणाऱ्या पुष्कळ मुली इतरांप्रमाणेच स्वस्त आणि लवकर टाकून देण्याजोगे कपडे घेतात. परंतु प्रश्न विचारला गेला, हेही धर्माच्या इतिहासात थोडे नव्हे.

गोव्यापुरते बोलावयाचे तर या प्रश्नाचा एक धागा आपल्याच भूमीत सापडतो. गोमंतकीय कॅथलिक घराण्यात जन्मलेले वस्त्ररचनाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडीचे पुनरुज्जीवन केले. लुप्त होत चाललेल्या त्या चौकडीला त्यांनी नव्या रूपात देशापुढे आणले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मोडा गोवा' या ग्रंथात त्यांनी गोव्याच्या वेषभूषेचा इतिहास संकलित केला. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १२ फेब्रुवारी २०२० रोजी कोलवाळ येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कार्याचे मूळ धर्मश्रद्धेत होते असे म्हणण्याचे कारण नाही, आणि तसा शोध घेण्याचीही गरज नाही. एका कॅथलिक घरातील मुलाने हिंदू आणि ख्रिस्ती कुणबिणींच्या सामाईक वस्त्राला प्रतिष्ठा दिली, हे पुरेसे आहे. एक शंका मात्र नोंदविली पाहिजे. ज्या बाईने हे कापड नेसून शेते कसली, तिच्या नातीला ते आज विकत घेणे परवडेल काय? वस्त्र जिवंत झाले आणि त्याची धनीण बाहेरच राहिली, असे झाल्यास ते पुनरुज्जीवन अपुरे म्हणावे लागेल.

आता आरंभीच्या अभिप्रायाकडे परत येऊ. ख्रिस्ती स्त्रीच्या वेषात धर्माचा संबंध नाही, हे म्हणणे टिकत नाही. तो संबंध आहे आणि तो दुहेरी आहे. एक बाजू आज्ञेची. ती १७३६ च्या जाहीरनाम्यात दिसली, १९१७ च्या कलमात दिसली, विधवेच्या काळ्या झग्यात दिसली. तिचा बराचसा भाग काळाने पुसला. दुसरी बाजू विवेकाची. ती ओलीच्या शुभ्रतेत, साडोच्या लालीत आणि टिटागढच्या हातमागावर दिसली. ती पुसली गेली नाही, उलट वाढत गेली. यावरून आम्हांस असे वाटते की वेषाच्या बाबतीत धर्म जेव्हा हुकूम सोडतो, तेव्हा तो कापडापुरता उरतो, आणि जेव्हा तो माणसाच्या मनात प्रश्न ठेवतो, तेव्हा तो खरा धर्म होतो.

हे शेजारणीच्या घरचे निरीक्षण झाले. आता थोडे आपल्या देवळाकडे पाहू. आपल्या अनेक देवस्थानांच्या दारांवर आज वस्त्रांविषयीचे फलक आहेत. कोणते कपडे घालून आत येऊ नये, हे त्यांत सविस्तर लिहिलेले असते. पावित्र्य राखण्याच्या हेतूला आमचा विरोध नाही. परंतु त्याच देवळात आपण देवीची ओटी भरतो. त्या ओटीतला खण एके काळी बागलकोट भागातील गुळेदगुड्डसारख्या गावांतील विणकरांच्या मागावरून येई आणि सीमाभागातील घरोघर देवीच्या नावाने जाई. आज पुष्कळ ठिकाणी त्या जागी यंत्रावरचा, कृत्रिम धाग्याचा, पाण्यात न विरघळणारा आणि मातीत न कुजणारा तुकडा येतो. देवीला वाहिलेल्या वस्त्राने विणकराचे पोट भरावे, हा मूळचा व्यवहार होता. तो तुटला, आणि फलकावर मात्र एकही ओळ वाढली नाही. येणाऱ्या स्त्रीच्या बाह्या मोजणारे आपण, तिच्या ओटीतील खण कोणी विणला हे कधी विचारतो का?

येत्या नवरात्रात देवळाकडे जाताना वाटेत मिसेहून परतणारी ती शेजारीण भेटेल. तिच्या झग्याकडे आपली नजर जाईल, तशी तिची नजर आपल्या परडीतील खणाकडे जाईल. त्या नजरेला उत्तर देता येईल असा खण परडीत असावा, एवढी तजवीज आपल्याला आजपासून करता येण्याजोगी आहे.